आबुरा सोबा: सूप नसलेल्या रामेनच्या मागची गोष्ट

आबुरा सोबा हा जपानी पदार्थ म्हणजे रामेनमधलं (सुपातल्या नूडल्समधलं) सूप काढून टाकलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. बाउलच्या तळाशी सोया सॉसचा घट्ट 'तारे' (चव देणारा सॉस) आणि तेल किंवा डुकराची चरबी, त्यावर जाड, गरम नूडल्स, वर चाशू (शिजवलेल्या डुकराच्या मांसाचे काप), मेन्मा (आंबवलेले बांबूचे कोंब), कांदापात, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ). समोर आलं की व्हिनेगर आणि रायू (मिरचीचं तेल) गोल फिरवून ओतायचं आणि थंड व्हायच्या आत तळापासून कालवायचं. शाकाहारी असाल तर आधी विचारा, चरबी बहुतेक ठिकाणी असतेच.

खरा वाद आहे तो सुरुवात कुठे झाली याचा. काळ 1950चं दशक, जागा टोकियोचा पश्चिम भाग, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे दोन दावे, दोन्ही चुओ या रेल्वे लाइनवरचे. एक कुनिताचीचा, हितोत्सुबाशी विद्यापीठाजवळच्या दुकानाचा, तिथे म्हणे हे दारूबरोबर चकणा म्हणून निघालं. दुसरा मुसाशिसाकाईचा, तिथे चिनी बानमेनवरून (कालवून खायच्या नूडल्सवरून) सुचलं असं सांगतात. कुनिताचीवाले "आम्ही आधी" म्हणतात आणि वर्षं बघितली तर त्यांचं बरोबरही असेल, पण चकणा म्हणून दिलेली प्लेट आणि पोटभर जेवण म्हणून विकलेला बाउल एकच धरायचा का? मला नाही वाटत. आज जे खातो, व्हिनेगर-रायू टेबलवर ठेवून आपापलं ओतायचं, ते मुसाशिसाकाईच्या जास्त जवळचं आहे, म्हणून माझं मत तिकडे. एक मात्र दोन्हीकडे सारखं: आसपास कॉलेजं, गिऱ्हाईक म्हणजे भुकेली पोरं आणि खिशात पैसे कमी.

नंतर बरीच वर्षं हे त्याच पट्ट्यात राहिलं. मग टोकियोतल्याच किचीजोजीच्या एका दुकानाच्या नावाने कपातलं इन्स्टंट निघालं, वासेदा विद्यापीठाकडे विद्यार्थ्यांच्या गल्ल्यांत दुकानं झाली आणि 2000 नंतर चेन आल्या. कारण सरळ आहे, हाडं तासन्‌तास उकळत ठेवायची नाहीत, गॅस वाचतो, छोट्या किचनमध्ये भागतं. म्हणून तर कितीतरी ठिकाणी रेग्युलर आणि मोठा बाउल एकाच भावात मिळतो. भिंतीवर मात्र "रामेनपेक्षा कॅलरी कमी, मीठ कमी" अशी पाटी. रामेनचं सूप शेवटच्या थेंबापर्यंत पिणाऱ्याशी तुलना केली तर मीठ कमी असेलही, पण फुकटात मोठा बाउल घेतला की कॅलरीचा हिशोब तिथेच संपला ना.

2008 मध्ये जपानच्याच नागोया शहरात "तैवान माझेसोबा" (माझेसोबा म्हणजे कालवून खायच्या नूडल्स) आला, ज्याचा तैवानशी संबंध नावापुरता. तैवान रामेन या नागोयाच्याच तिखट रामेनसाठी केलेला तिखट खिमा सुपात जमेना, तो टाकून न देता नुसत्या नूडल्सवर घातला, आणि तेच हिट झालं. कच्च्या अंड्याचा बलक, लसूण, माशाची पूड असं सगळं त्यात. उरलेल्या मसाल्यात थोडा भात टाकून देतात त्याला ओइमेशी म्हणतात, बऱ्याच दुकानांत फुकट असतो, मागायला लाजू नका.