वेल घेण्याआधी घरात कोण कोण आहे ते सांगा

आमच्या नर्सरीत वेल मागितलीत की आम्ही आधी विचारतो, घरात रांगतं मूल आहे का? मांजर, कुत्रं? काहींना ही नसती चौकशी वाटते. पण गॅलरीत ऊन किती येतं हे विचारण्याइतकंच हे विचारणं गरजेचं आहे.

आधी मनी प्लांट, कारण तो घरोघरी असतो. कच्चट राहिलेल्या अळूने घसा कसा खाजतो, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. मनी प्लांट त्याच अळूच्या कुळातला. त्याच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की ते जिभेत, हिरड्यांत रुततात. तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ सुजतात. मांजर पंजाने तोंड घासत राहतं. सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा यांचंही तेच. अशा वेळी तोंडातला पाला काढा, ओल्या फडक्याने तोंड पुसा, थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्या. बहुतेक वेळा थोड्या वेळाने उतार पडतो. गिळायला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर मात्र लगेच दवाखाना गाठा. पहिल्याच घासाला झोंबत असल्यामुळे हे झाड सहसा कुणी पोटभर खात नाही, म्हणून आम्ही ते विकतो. फक्त त्याची टोकं जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका.

खरी भीती आहे ती न झोंबणाऱ्या वेलींची. गुंजेची शेंग वाळली की उकलते आणि लालभडक, काळ्या ठिपक्याचे दाणे शेंगेलाच चिकटून राहतात. सोनाराची ही जुनी वजनं मुलांना मणी वाटतात. अख्खा दाणा गिळला तर टणक सालीमुळे पुष्कळदा तसाच बाहेर पडतो. पण चावलेल्या किंवा माळेसाठी भोक पाडलेल्या दाण्यातलं अ‍ॅब्रिन हे विष पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

दुसरी कळलावी. ती लावली की घरात भांडणं होतात म्हणतात. आम्ही ती ठेवत नाही त्याचं कारण वेगळं आहे. तिच्या सर्वांगात, विशेषतः कंदात, कोल्चिसिन नावाचं विष असतं. कंद रताळ्यासारखा दिसतो आणि शिजवूनही त्याचं विष जात नाही. कुंडी उकरणाऱ्या कुत्र्याला तो सहज सापडतो.

या दोन्हींची लक्षणं काही तासांनी दिसतात, गुंजेची तर कधी एक-दोन दिवसांनीही. तोवर मूल हसतं-खेळतं असतं आणि घरचे वाट बघत बसतात. वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून ओकारीही काढू नका, त्याने अपाय वाढतो. वेलीचा तुकडा किंवा उरलेले दाणे बरोबर घेऊन रुग्णालयात जा, रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. प्राण्याला पशुवैद्याकडे न्या.

पिवळ्या अलामांडाचा पांढरा चीक अंगाला खाज आणतो आणि पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. छाटणी हातमोजे घालून करा, फांद्या लगेच उचला. गोकर्णाची फुलं चालतात, पण शेंगा मुलांच्या हाती लागण्याआधी काढा.

लहान मूल असेल तर आम्ही जाई, जुई सुचवतो. नाहीतर मायाळू लावा. जांभळ्या देठांची ही वेल जाळीवर शोभते आणि पानांची भजीही होतात.

घरातल्या वेलीचं नाव माहीत नसेल तर पानाफुलाचा फोटो घेऊन या. ओळखून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.