रोप नेण्याआधी घरचं पाणी बघा

आमच्या रोपवाटिकेत कुणी मोगरा नाहीतर गुलाब मागितला की आम्ही आधी विचारतो, "घरी पाणी कोणतं? नळाचं, बोअरचं की टँकरचं?" रोप द्यायचं सोडून ही कसली चौकशी, असं काहींना वाटतं. पण आपल्याकडची फुलझाडं उन्हापेक्षा पाण्यानं जास्त बिघडतात, हे आम्ही रोज बघतो. म्हणून हे पत्रक रोपासोबत देतो.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसा उन्हाळा काढलेल्या घराच्या गळ्यात रोज बादलीभर पाणी पिणारं झाड मारणं आम्हाला पटत नाही. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत असेल तर बोगनवेल, कण्हेर, सदाफुली, चिनी गुलाब न्या. बोगनवेलीला तर जरा ताण बसला की ती जास्त फुलते. रोज पाणी घालाल तर नुसती हिरवी वाढेल. कण्हेर कितीही सोसणारी असली तरी तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात रांगतं लेकरू किंवा दारात शेळी असेल तर आम्ही कण्हेर देत नाही, मागितली तरी.

बोअरचं पाणी

कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, पानांच्या कडा करपतात, आणि गुलाब-जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात. यातली शेवटची खूण नीट बघा. पान सरसकट पिवळं असेल तर दुखणं वेगळं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या जमिनीत आणि क्षाराच्या पाण्यात मुळांना ते उचलता येत नाही. अशा वेळी शेणखत वाढवून काही होत नाही. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा, अर्धं लिंबू पिळा आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. फवारताना कुंडी फरशीवरून बाजूला घ्या, हिराकसचे तांबडे डाग निघत नाहीत.

फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची पद्धत आता घरोघरी झाली आहे. पाणी वाचवायची तळमळ आम्हाला कळते, पण बोअरच्या पाण्यातले क्षार फिल्टर त्याच पाण्यात सोडतो, म्हणजे ते मूळ पाण्याहून जड असतं. त्यानं फरशी धुवा, कुंडीत घालू नका. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवा. दोन-चार दणकून पाऊस झाले की वर्षभराचे क्षार खालच्या भोकातून धुऊन जातात.

अनंताची फार मागणी असते, सुवासच तसा आहे. पण त्याला आंबट माती लागते. ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे त्यांना आम्ही सांगतो, त्याऐवजी तगर न्या. वर्षभरानं पिवळं पडलेलं झाड बघून तुम्हाला वाईट वाटण्यापेक्षा आजची विक्री गेलेली बरी.

पाणी किती घालायचं?

बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नको. आपली काळी माती फसवते. वरून भेगाळलेली दिसते आणि आत चिखल असतो. कुंडीत याच्या उलटही होतं. माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहतं आणि मधली हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, कोरडीच राहते. पाणी ओतल्याबरोबर भोकातून आलं तर ते मुरलं नाही असं समजा. कडेची फट मातीनं बुजवा आणि पाणी थोडं थोडं, दोनदा घाला.

म्हणून कुंडीत नुसती काळी माती भरू नका. एक घमेलं माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. शेण ओलं किंवा अर्धवट कुजलेलं असेल तर हुमणीची अळी लागते आणि ती मुळं कुरतडते. उन्हाळ्यात मातीवर सोयाबीनच्या भुसकटाचा दोन बोटं थर द्या. आपल्याकडे ते सहज मिळतं आणि ओल टिकवायला त्यासारखं दुसरं नाही. गच्चीवर कुंडीखाली दोन विटा ठेवा, नाहीतर तापलेला स्लॅब मुळं शिजवतो.

मोगरा: "पाला खूप, फुलं नाहीत"

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. आम्ही तीन गोष्टी विचारतो: ऊन किती, युरिया घातला का, छाटणी कधी केली. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर बाकी काही करून उपयोग नाही. युरियाचं पोतं शेतकऱ्याच्या घरी असतंच, आणि मूठभर टाकायचा मोह होतो. कुंडीला मूठ म्हणजे विष. थोडा पडला तर पाला माजतो, जास्त झाला तर झाड जळतं.

मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्यावर. म्हणून डिसेंबरच्या शेवटी पाणी तोडा. दोन-तीन आठवड्यांत पानं पिवळी होऊन गळायला लागतात, घाबरू नका. मग धारदार कात्रीनं झाड गुडघ्याच्या खाली, साधारण फूट-सव्वा फुटावर छाटा, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढा, बुडाची माती उकरून दोन ओंजळी शेणखत मिसळा आणि भरपूर पाणी द्या. थोड्याच दिवसांत डोळे फुगतात. बटाणीएवढे हिरवे ठिपके खोडावर दिसले की समजा, काम झालं. मार्च ते मे घर दरवळत राहतं.

गुलाबाचा जोड

आमचे गुलाब डोळा भरलेले असतात. खालचं खूट जंगली, वरचा डोळा तुम्ही निवडलेल्या फुलाचा. लावताना जोड मातीच्या वर राहू द्या. जोडाखालून सरळसोट फुटवा आला तर तो मुळापासून काढा. तसाच ठेवला तर तो वरचं कलम मारतो, आणि "लाल गुलाब नेला होता, आता बारीक गावठी फुलं येतात" असं सांगत लोक येतात. छाटणी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात.

शेवंती आणि झेंडू

शेवंतीला रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही. कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली किंवा रात्रभर जळणाऱ्या दाराच्या बल्बखाली असेल तर झाड निरोगी राहतं, पण कळी येत नाही. जागा बदला, खत नको. दसऱ्याला झेंडू हवा असेल तर रोपं जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावा, फुलायला दोन महिने लागतात. महिन्याभरानं शेंडा खुडला की फांद्या वाढतात. सप्टेंबरात लावलेला झेंडू दिवाळीला कामी येतो, दसऱ्याला नाही.

रोप घरी नेल्यावर

चार दिवस सावलीत ठेवा. लावताना पिशवी ब्लेडनं कापा, ओढू नका, हुंडी फुटली तर रोप दगावतं. जमिनीत लावायचं असेल तर मृगाचा चांगला पाऊस होऊ द्या.

जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून सांजच्याला फवारा.

काही अडलं तर दुखणं लागलेलं पान आणि मूठभर माती घेऊन या, बघायचे पैसे घेत नाही. पिशवीचं तोंड मात्र घट्ट बांधून आणा, म्हणजे कीड इथल्या रोपांवर पसरणार नाही.