अज्ञान मुलाचं उत्पन्न आणि इन्कम टॅक्स रिटर्न

अज्ञान मुलाचं उत्पन्न म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर येणारा पैसा. सातबाऱ्यावर पोराच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) लिहून आईचं नाव असतं ना, त्यातला अ म्हणजे हाच अज्ञान. कोकणात घरोघरी प्रश्न एकच, पोरगा आमच्याच जिवावर शिकतोय पण त्याच्या नावावर थोडे पैसे येतात, तर रिटर्न त्याचा भरायचा का? आता जिवावर शिकतोय की नाही ह्याने इथे काही फरक पडत नाही, बघायचं ते वय आणि पैसा कशातून आला ते.

वय १८ च्या खाली असेल तर ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ६४(१ए) लागतं, जे १९९२ च्या फायनान्स ॲक्टने आलं. मुलाचं उत्पन्न आईबापांपैकी ज्याची कमाई जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवायचं, ह्यालाच क्लबिंग म्हणतात, आणि मग त्या पैशासाठी मुलाचा वेगळा रिटर्न लागत नाही. दत्तक आणि सावत्र मूलही ह्यात आलं. आईबापांचं लग्न मोडलं असेल तर मूल जो सांभाळतो त्याच्यात. जुन्या रेजिममध्ये, म्हणजे टॅक्स मोजायच्या जुन्या पद्धतीत, दर मुलामागे १५०० रुपये सूट आहे, नव्यात तीही नाही. हा १५०० चा आकडा १९९२ पासून हललेला नाही, साडेसहा टक्क्यांनी २५ हजारांच्या एफडीचं व्याजच १६२५ होतं, तो वाढवायलाच हवा.

गणपतीला आलेला चाकरमानी काका पुतणीच्या नावावर एफडी करून जातो, आणि पैसे पोरीचे म्हणून व्याज कोणीच दाखवत नाही, ते चूक आहे, ते आईच्या नाहीतर बापाच्या रिटर्नमध्ये जायलाच हवं. पीपीएफ, सुकन्या समृद्धीचं व्याज आणि स्कॉलरशिप मात्र करमुक्त. पोराच्या नावावरच्या कलमी झाडांचा आंबा विकला तर ते शेतीचं उत्पन्न, तेही करमुक्त, पण घर होमस्टेला देऊन आलेलं भाडं शेतीत धरत नाहीत.

क्लबिंगला अपवाद तीन: अंगमेहनतीची कमाई, कला-कौशल्याची कमाई, आणि कलम ८०यू मधलं अपंगत्व असलेलं मूल. म्हणजे दशावतारात पेटी वाजवणाऱ्या १६ वर्षांच्या पोराचं मानधन त्याचं स्वतःचं. पण तेच मानधन एफडीत टाकलं तर त्यावरचं व्याज परत आईबापांच्यात, इथे भलेभले चुकतात. आणि अंगमेहनत लिहिलंय म्हणून लहान पोरांना बागेत मजुरीला लावायची मोकळीक मिळत नाही, बालकामगार कायदा वेगळा आहे आणि तो पाळायलाच हवा.

असं स्वतःचं उत्पन्न असलेल्या मुलाने रिटर्न भरायचा तो २०२५-२६ ह्या आर्थिक वर्षासाठी नव्या रेजिममध्ये ४ लाखांच्या वर, जुन्यात अडीच लाखांच्या वर. १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही असं सगळे म्हणतात पण ते रिबेटमुळे, म्हणजे हिशोबात निघालेला टॅक्स माफ होतो म्हणून, रिटर्न ४ लाखांच्या वर लागतोच. उत्पन्न कमी असूनही वर्षात टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) २५ हजार किंवा जास्त कापला गेला तर भरावाच लागतो, आणि त्याहून कमी कापला असला तरी परत मिळवायला भरावा. मुलाच्या वतीने पालक रिप्रेझेंटेटिव्ह असेसी (करदात्याचा प्रतिनिधी) म्हणून इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर रजिस्टर होतो. आईबाप दोघंही नसतील तर सांभाळणाऱ्या मामाच्या नाहीतर काकाच्या उत्पन्नात काही मिळवत नाहीत, मुलाच्याच नावाने हिशोब होतो.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, त्यामुळे वर दिलेल्या कलमांचे नंबर बदलले.

१८ पूर्ण झाले की क्लबिंग संपलं, मग रत्नागिरीत कॉलेज करणारी पोरगी फी बापाकडून घेत असली तरी तिचं उत्पन्न तिचंच. वर्षाच्या मध्येच, समजा १० ऑक्टोबरला, १८ पूर्ण झाले तर एप्रिलपासून तोपर्यंतचं व्याज बापाच्या रिटर्नमध्ये आणि त्यापुढचं तिच्या.