पक्षाचे साप्ताहिक वृत्त आणि शासनाचा निर्णय: दोन्ही वेगवेगळे कसे वाचावेत

दर आठवड्याला गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन प्रकारचे मजकूर जवळजवळ एकाच वेळी येऊन पडतात. एक असतो राज्यपातळीवरील एखाद्या पक्षाच्या साप्ताहिक घडामोडींचा. त्यात बैठका, ठराव, दौरे, आंदोलने आणि पक्षाने हाती घेतलेले लोकांचे प्रश्न असतात. दुसरा असतो राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीतील निर्णयांचा, जो माहिती व जनसंपर्क महासंचालनालय प्रसिद्ध करते. दोन्हींत पाणी, रस्ते, पीककर्ज, शाळा आणि दवाखाने हेच विषय असतात, आणि पक्ष सत्तेत असला तर छायाचित्रातली माणसेही तीच असतात. म्हणूनच पक्षाने केलेल्या घोषणेला सरकारी मंजुरी समजून लोक तलाठी कार्यालयात किंवा पंचायत समितीत चकरा मारतात आणि रिकाम्या हाताने परततात. हा त्रास टाळता येण्यासारखा आहे, म्हणून या दोन गोष्टींमधला फरक नीट मांडणे गरजेचे वाटते.

पक्षाचे वृत्त हे मुळात आपल्या माणसांशी आणि मतदारांशी केलेले बोलणे असते. कोणता प्रश्न आधी घ्यायचा, कोणता नंतर, कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे त्यातून ठरते आणि कळते. महाराष्ट्राला या परंपरेचा मोठा वारसा आहे. १९३० साली सुरू झालेल्या ‘जनता’ने पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाची बाजू मांडली, १९६० साली व्यंगचित्र साप्ताहिक म्हणून सुरू झालेल्या ‘मार्मिक’मधून शिवसेनेच्या स्थापनेची जमीन तयार झाली, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे ‘जीवनमार्ग’ कामगार आणि शेतकऱ्यांचे प्रश्न मांडत आले. अशा मजकुराला कायद्याचे बळ नसते, पण म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही. स्वतंत्र मजूर पक्षाने कोकणातील खोती पद्धतीचा, म्हणजे खोत नावाच्या मध्यस्थांकरवी शेतकऱ्यांकडून सारा वसूल करण्याच्या पद्धतीचा, प्रश्न अग्रक्रमाने घेतला, १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत निघाला. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा मात्र १९४९ साली झाला. लोकांची निकड पक्षाच्या पानावर आधी उमटते आणि राज्याच्या कायद्यात फार उशिरा पोहोचते.

शासनाच्या निर्णयाचे स्वरूप अगदी वेगळे असते. संविधानाच्या अनुच्छेद १६६ नुसार राज्याची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावी लागते, आणि त्यामुळेच प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आणि त्याखाली संबंधित अधिकाऱ्याची स्वाक्षरी असते. वरच्या बाजूला विभागाचे नाव, क्रमांक आणि दिनांक असतो. आत प्रस्तावना, मूळ निर्णय, पात्रतेच्या अटी आणि खर्च असेल तर तो ज्यातून भागवायचा ते लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाचे खाते, दिलेले असते. शेवटाकडे शासनाच्या संकेतस्थळावरील संकेतांक असतो. ज्याला आपण बोलताना ‘जीआर’ म्हणतो तो हा कागद. मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर निघणारे प्रसिद्धिपत्रक हे त्याच्या आधीचे पाऊल असते, आणि अनेकदा प्रसिद्धिपत्रकानंतर जीआर निघायला दिवस, कधी आठवडेही लागतात. तोवर खालच्या कार्यालयातील कर्मचारी अर्ज घेऊ शकत नाही, आणि त्याबद्दल त्याच्यावर रागावण्यात अर्थ नसतो.

अलीकडचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे आहे. २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि त्याच दिवशी तिचा शासन निर्णय निघाला: दरमहा १,५०० रुपये, वय २१ ते ६० वर्षे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. लगेच ३ जुलैला सुधारित शासन निर्णय निघून वयाची मर्यादा ६५ पर्यंत वाढली आणि अर्जाची मुदतही वाढली. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सत्तेतील महायुतीने ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे आणि विरोधातील महाविकास आघाडीने महिलांना दरमहा ३,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले. मतदाराच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी तीन आकडे होते, पण त्यांतला १,५०० हा एकच आकडा राज्याचा होता. उरलेले दोन पक्षांचे होते. महायुतीची सत्ता परत आली, तरी मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात रक्कम वाढली नाही. वचन देणाऱ्याला त्याची आठवण करून देण्याचा हक्क प्रत्येक मतदार स्त्रीला आहे, आणि तो तिने जरूर बजावावा. मात्र बँकेच्या खिडकीवर २,१०० रुपये मागता येत नाहीत, कारण बँकेकडे आणि विभागाकडे येणारा आदेश जीआरचा असतो, जाहीरनाम्याचा नसतो.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा आहे, आणि फसगत बहुधा तिथेच होते: लेखी आश्वासनाची. मार्च २०१८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला आला. वनजमिनीचे हक्क ही त्यातली मोठी मागणी होती, आणि १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासने दिल्यावर आंदोलन थांबले. आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये शेतकरी पुन्हा नाशिकहून निघाले, आणि २०२३ मध्ये त्यांना आणखी एकदा चालावे लागले. आंदोलनाचे यश मोठे होते यात शंका नाही. अनवाणी पायांनी चाललेल्या आदिवासी स्त्रियांनी सत्तेला बोलायला लावले. तरीही मान्य झालेली मागणी आणि अंमलात आलेला आदेश यांत किती अंतर असते, ते त्या शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा चालून मोजावे लागले.

रस्ता, पूल, सभामंडप अशा स्थानिक कामांच्या बाबतीत तर एकाच कामाची बातमी चार वेळा देता येते. पत्र दिले तेव्हा एकदा, प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा दुसऱ्यांदा, निविदा निघाली तेव्हा तिसऱ्यांदा आणि नारळ फुटला तेव्हा चौथ्यांदा. पक्षाच्या वृत्तात या चारही टप्प्यांना बहुधा ‘मंजूर’ म्हटलेले असते. वाचणाऱ्याने प्रशासकीय मान्यतेचा दिनांक आणि कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश, झाला आहे का, एवढे दोनच प्रश्न विचारले तरी कामाची खरी अवस्था कळते.

प्रसिद्धीच्या खर्चाचा फरकही महत्त्वाचा आहे. पक्षाने आपल्या पैशाने आपली स्तुती छापली तर ती त्याची बाब. सरकारी जाहिरातीचा खर्च मात्र सगळ्यांच्या करातून होतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये सरकारी जाहिरातींतून केवळ राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच छायाचित्रे वापरण्यास मुभा दिली होती. मार्च २०१६ मध्ये ती राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांपर्यंत वाढवली गेली. माझ्या मते या वाढीमुळे सरकारी माहिती आणि पक्षाचा प्रचार पुन्हा एकमेकांसारखे दिसू लागले, आणि सामान्य वाचकाचे नुकसान झाले. आचारसंहिता लागू असताना सत्ताधाऱ्यांना सरकारी खर्चाने अशी जाहिरात करता येत नाही, पण ती बंदी निवडणुकीपुरतीच असते.

जाब विचारण्याचे मार्गही दोन्हींसाठी एकसारखे नाहीत. शासन निर्णयाबाबत माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांनाही या कायद्याच्या कक्षेत धरले होते, परंतु पक्षांनी तो आदेश पाळला नाही. त्यामुळे पक्षाने दिलेल्या शब्दाबद्दल पक्षाच्या तालुका कार्यालयात, जाहीर सभेत आणि मतपेटीतच विचारावे लागते. तर गावातल्या थांबलेल्या कामाबद्दल शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक लिहून घेऊन, ग्रामसभेत तो वाचून दाखवून, उत्तराची नोंद इतिवृत्तात करून घेता येते.