डिश अँटेनाची जुळणी (नागपूर)

घराच्या गच्चीवर किंवा भिंतीवर बसवलेली दूरचित्रवाणीची तबकडी ठरावीक भूस्थिर (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहाकडे नेमकी रोखण्याची क्रिया. बोलीत तबकडीला ‘छत्री’ आणि जुळणीला ‘सेटिंग’ म्हणतात. नागपूरहून (सु. २१.१५° उ., ७९.०९° पू.) भारतातील डीटीएच (उपग्रहावरून थेट घरी प्रक्षेपण) सेवांचे उपग्रह दक्षिण ते आग्नेय या पट्ट्यात आणि आकाशात बरेच वर असतात.

‘छत्री’ या नावाची उपपत्ती दोन प्रकारे लावता येते. एक, लहान तबकडीच्या आकारावरून. दुसरी, १९९१ नंतर परदेशी वाहिन्या घेण्यासाठी केबलचालकांनी उभारलेल्या सी-पट्ट्यातील (अधिक लांब लहरींच्या) मोठ्या तबकड्यांवरून. या तबकड्या पुष्कळदा जाळीच्या व पाकळ्यापाकळ्यांच्या असत आणि उलट्या उघडलेल्या छत्रीसारख्या दिसत. दुसरी उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते; लहान तबकडीने ते नाव वारशाने घेतले असावे.

भूस्थिर कक्षेच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश लेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या १९४५ मधील लेखाला दिले जाते. मात्र अभियंता हर्मन पोटोच्निक यांनी १९२८ मध्येच अशा कक्षेतील अवकाशस्थानकाचा विचार मांडला होता, आणि त्याचे मूळ रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांच्या एकोणिसाव्या शतकाअखेरच्या लेखनापर्यंत मागे नेणारेही आहेत. कक्षा सुचवणे आणि ती दळणवळणासाठी वापरण्याची योजना आखणे या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या, तर दुसऱ्या अर्थाने क्लार्क यांचे नाव टिकते. विषुववृत्तावर सु. ३५,७८६ किमी. उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबर फिरतो, म्हणून तबकडी एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. जुळणीची सारी कला याच एका गोष्टीवर उभी आहे.

१९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या प्रयोगात सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत जाळीच्या तबकड्या लागल्या. त्यांत शेजारचा मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. घरगुती डीटीएच देशात २००३ मध्ये आले. दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. ती आधी ९५° पू. येथील (म्हणजे विषुववृत्तावर त्या रेखांशाच्या माथ्यावरील) उपग्रहावर होती, नंतर ९३.५° पू. येथे हलली, सध्या तेथे जीसॅट-१५ (प्रक्षेपण २०१५) आहे.

तबकडीचा रोख दोन कोनांनी ठरतो : खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला दिगंश आणि क्षितिजापासूनचा उन्नतांश. नागपूरसाठी गणिताने ८३° पू. उपग्रहाचा दिगंश सु. १६९° व उन्नतांश ६५° येतो, ९३.५° पू. साठी १४४.५° व ६०°, ९५° पू. साठी १४२° व ५९°, १०८.२° पू. साठी १२३° व ४९°. येथे चुंबकीय दिक्पात (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक) एक अंशाहूनही कमी असल्याने साधे होकायंत्र चालते. मात्र ते स्लॅबमधील सळ्या आणि लोखंडी खांबापासून दूर धरावे लागते. माध्यान्हीच्या सर्वांत आखूड सावलीवरून दक्षिण काढण्याची जुनी रीतही आहे. नागपुरात माध्यान्ह बाराला नसून ऋतूनुसार ११.५७ ते १२.२८ च्या दरम्यान होते. २६ मे आणि १७ जुलैच्या सुमारास सूर्य डोक्यावर येऊन सावलीच नाहीशी होते आणि मधल्या काळात ती उलट, दक्षिणेकडे पडते. ऐन उन्हाळ्यात ही रीत वापरताना एवढे भान हवे.

नवख्याचा गोंधळ होतो तो तबकडीच्या तिरकेपणामुळे. घरगुती तबकडी अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) मध्याची नव्हे, कडेची कापलेली असते; तिचा प्रत्यक्ष रोख दिसतो त्याहून वीसपंचवीस अंश वर असतो. म्हणून साठ अंशांवर रोखलेली तबकडी पाहणाऱ्याला ३५-४० अंशांवरच वळलेली वाटते, आणि ‘अजून वर कर’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. उन्नतांश मोठा असण्याचा फायदाही आहे : ९३.५° पू. च्या दिशेने तीन मीटरवर असलेली भिंत तबकडीपेक्षा सव्वापाच मीटरहून उंच असेल तरच आड येते. महाल-इतवारी या जुन्या वस्त्यांच्या दाटीतही गच्चीवर सहसा जागा सापडते ती यामुळे.

खांब ओळंब्यात नसेल तर कोणताच आकडा उपयोगाचा नाही. ओळंबा साधल्यावर उन्नतांश अंदाजे बांधून नट अर्धवट सैल ठेवतात आणि तबकडी केसाकेसाने आडवी फिरवतात. एक माणूस वर, एक टीव्हीपुढे. “आला का?” “आला... आला... गेला न बे!” हा संवाद वरचा हात घाईचा असल्याची खूण आहे, सेट-टॉप बॉक्सला सिग्नल पकडायला दोनतीन सेकंद लागतात, तेवढे थांबून मगच पुढे सरकावे. शेवटी एलएनबी (तबकडीपुढे भुजेवर बसवलेला, लहरी टिपणारा भाग) तिच्या पकडीत फिरवून ध्रुवण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, जुळवतात. हा पीळ ८३° पू. साठी सु. १०°, तर ९३.५° पू. साठी सु. ३३° येतो.

पडद्यावर ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या दिसतात. पहिलीवर विसंबणे ही सर्वांत मोठी चूक. ती कोणत्याही उपग्रहाच्या लहरींनी, एलएनबीच्या स्वतःच्या गोंगाटानेही भरते. हव्या त्या उपग्रहाचा सिग्नल उलगडला जातो आहे की नाही हे दुसरीच सांगते. ९३.५° आणि ९५° हे शेजारी नागपूरहून एकमेकांपासून जेमतेम पावणेदोन अंशांवर दिसतात, आणि ६० सेंमी. तबकडीची नजर सु. तीन अंश रुंद असते. साहजिकच स्ट्रेंग्थ भरलेली, क्वालिटी शून्य, असे दृश्य दिसते. उन्नतांश साठच्या आसपास असल्याने आडव्या फिरवण्यातील दोन अंश आकाशात एकच अंश भरतात. त्यामुळे आडवी चूक काहीशी खपते, उभी खपत नाही.

जुळलेली तबकडी हलण्याची स्थानिक कारणे म्हणजे मे महिन्यातील वावटळी आणि संक्रांतीला भुजेत अडकलेला मांजा. मांजा ओढण्याऐवजी कापावा. पावसाळ्यात कु-पट्ट्यातील (डीटीएच वापरते त्या) अडीच सेंमी. च्या लहरी जोरदार सरीत क्षीण होतात. तो जुळणीचा दोष नव्हे. तसेच मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या आरंभी अकराच्या सुमारास सूर्य ९३.५° पू. उपग्रहाच्या बरोबर पाठीशी येतो आणि काही मिनिटे चित्र जाते. असे ओळीने काही दिवस होते. त्या वेळी पाना घेऊन गच्चीवर गेलेला माणूस चांगली जुळलेली तबकडी बिघडवून खाली येतो.