पहिल्या सत्रातला संगणक: हा विषय घडला कसा

पहिल्या सत्रात संगणकाची ओळख करून देणारा विषय आज बहुतेक शाखांना असतो. त्यात काय शिकवायचं हे कागदोपत्री समित्या ठरवतात. पण इतिहास चाळला तर दिसतं की तो ठरला मुख्यतः एका गोष्टीवरून: विद्यार्थ्याला यंत्र कितपत हाताळायला मिळत होतं आणि उत्तरासाठी किती थांबावं लागत होतं.

सुरुवातीला विद्यार्थी नव्हतेच. १९४६ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये आठ आठवडे व्याख्यानं झाली, ती निवडक संशोधक आणि अभियंत्यांसाठी. तिथे उशिरा पोचलेल्या मॉरिस विल्क्स यांनी केंब्रिजला परतून एडसॅक हे यंत्र उभारलं. ते १९४९ मध्ये चालू झालं आणि १९५३ मध्ये त्याच प्रयोगशाळेने संगणनाची पदविका सुरू केली. १९६१ मध्ये ॲलन पर्लिस या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी एमआयटीतल्या एका व्याख्यानात मांडलं की प्रोग्रामिंग पहिल्या वर्षाच्या सगळ्याच विद्यार्थ्यांना शिकवावं. अडचण अशी की यंत्र एक आणि रांग लांबलचक.

ती रांग कशी होती ते पाहण्यासारखं आहे. फोरट्रान या तेव्हाच्या प्रोग्रामिंग भाषेतली एक ओळ म्हणजे एक पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडून मजकूर नोंदवलेलं जाड कागदाचं कार्ड, त्यावर ८० रकाने. पहिले पाच ओळीच्या क्रमांकाला, सहावा आधीची ओळ पुढे चालू असल्याचं सांगायला, ७ ते ७२ प्रत्यक्ष विधानाला आणि उरलेले आठ कार्डांचा अनुक्रम टाकायला. हे शेवटचे रकाने कशासाठी, ते गठ्ठा एकदा हातातून निसटला की कळायचं. बरेच जण गठ्ठ्याच्या कडेवर पेनने तिरकी रेघ ओढून ठेवत. कार्डं विस्कटली तरी रेघ जुळवून क्रम लावता येई. गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि छापील निकाल काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी घ्यायचा. स्वल्पविराम चुकला की सगळं पहिल्यापासून. फ्लोचार्ट (पायऱ्यांची आकृती) काढणं, कागदावर ‘ड्राय रन’ करणं, म्हणजे यंत्राशिवाय प्रोग्राम ओळीने तपासणं, यावर शिक्षकांचा एवढा भर का होता, ते इथे समजतं. आज कंटाळवाणी वाटणारी ही प्रकरणं तेव्हा यंत्राचा वेळ वाचवत होती.

या वाट पाहण्यावर दोन ठिकाणी उपाय निघाला. १९६५ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पदवीच्या चार विद्यार्थ्यांनी वॅटफॉर हा फोरट्रान कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, लिहिला. नेहमीचे कंपायलर मोठ्या, पुन्हा पुन्हा चालवायच्या कामांसाठी केलेले. विद्यार्थ्यांचे प्रोग्राम छोटे, चुकांनी भरलेले आणि एकदा बरोबर चालले की संपले. वॅटफॉर संगणकाच्या स्मृतीतच ठाण मांडून एकामागून एक गठ्ठे निकाली काढी आणि चूक काय आहे ते नीट सांगे. शिकणाऱ्यांनीच शिकणाऱ्यांची अडचण ओळखली, म्हणून या सगळ्या इतिहासात मला हीच घटना सर्वांत जवळची वाटते.

दुसरा उपाय डार्टमथ कॉलेजचा. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांना साहित्य, इतिहास शिकणाऱ्यांनाही संगणक वापरता यायला हवा होता. १ मे १९६४ च्या पहाटे तिथे बेसिक भाषेतला पहिला प्रोग्राम चालला, तोही एका यंत्राचा वेळ त्याला जोडलेल्या अनेक टर्मिनलांना (टाइप करायच्या यंत्रांना) वाटून देणाऱ्या टाइमशेअरिंगवर. एखादी ओळ चुकली तर तोच क्रमांक देऊन ती पुन्हा टाइप करायची, जुनी आपोआप जाई. करून बघत शिकणं इथून शक्य झालं.

एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये अभ्यासक्रमाचा आराखडा दिला. संगणकशास्त्राच्या पहिल्या दोन विषयांची ‘सीएस १’, ‘सीएस २’ ही नावं दुसऱ्या आराखड्यातली. शिकवण्याच्या भाषा बदलत गेल्या: निकलाउस विर्थ यांनी शिकवण्यासाठीच घडवलेली पास्कल, मग सी++, जावा आणि आता बहुतेक ठिकाणी पायथन. या भाषांवरून शिक्षकांत कडाक्याचे वाद झाले, पण मला ते दुय्यम वाटतात.

खरी फाटाफूट पर्सनल कॉम्प्युटरने केली. १९७९ मध्ये व्हिझिकॅल्क हा स्प्रेडशीट (रकान्यांत आकडे मांडून हिशेब करणारा प्रोग्राम) आला, १९८१ मध्ये आयबीएम पीसी. प्रोग्राम न लिहिताही संगणक उपयोगी पडू लागला आणि पहिल्या विषयाचे दोन तुकडे झाले. संगणकशास्त्र घेणाऱ्यांना प्रोग्रामिंग, बाकीच्यांना ‘संगणक साक्षरता’. या दुसऱ्या तुकड्याचं फार नुकसान झालं. वर्ड प्रोसेसरचा कोणता मेनू कुठे आहे हे पाठ करून घेतलं जाई आणि पुढची आवृत्ती आली की ते शिकलेलं वाया. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९९ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं. त्यांच्या अहवालाने चालू कौशल्यं, पायाभूत संकल्पना आणि विचार करण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र मागितल्या, त्याही संगणकशास्त्राबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी.

तोवर वेबमुळे संस्थांना नेटवर्क, डेटाबेस आणि सर्व्हर सांभाळणारी माणसं हवी होती. २००५ च्या संगणन आराखड्यात माहिती तंत्रज्ञान (आयटी) ही पाच शाखांपैकी एक म्हणून आली आणि २००८ मध्ये तिचा स्वतंत्र अभ्यासक्रम निघाला. प्रोग्रामिंग, नेटवर्क, डेटाबेस, वेब आणि माणूस-संगणक संवाद हे त्याचे खांब, सुरक्षितता त्या सगळ्यांतून जाणारी. आयटीच्या पहिल्या पुस्तकात थोडं थोडं सगळंच का असतं, त्याचं मूळ या मांडणीत आहे.