डब्यावरचं नाव तेच, आतला माल आणि मागची कंपनी मात्र वेगळी : पार्श्वभूमी

बडोद्यात व्यायाम म्हणजे आखाडा, मल्लखांब आणि बदाम घातलेलं दूध, हे सयाजीरावांच्या काळापासूनचं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. प्रोटीन पावडर आणि चरबी जाळणाऱ्या गोळ्या अशा सप्लिमेंटचे, म्हणजे जेवणाला जोड म्हणून घ्यायच्या वस्तूंचे डबे खूप नंतर आले. आज दांडिया बाजारातली आपली पोरंसुद्धा "काका, हा ब्रँड जुना आहे, जेन्युइन आहे" असं छातीठोक सांगतात, म्हणून त्या जुनेपणाचा इतिहास बघायला हवा.

१९९४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि सप्लिमेंट विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे सरकारला सिद्ध करून दाखवायची गरज उरली नाही. तिथून बाजार सुटला. त्याच दशकात कॅनडातली मसलटेक ही कंपनी मोठी झाली, तिच्या चरबी जाळणाऱ्या गोळ्यांचं, हायड्रॉक्सीकटचं, नाव घरोघरी पोचलं, आणि त्या गोळ्यांत होता एफेड्रा. हृदयाचे ठोके आणि बीपी वाढवणारी ही वनस्पती, शेवटी एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेत तिच्यावर बंदी आली. कंपनीने फॉर्म्युला बदलला पण नाव ठेवलं. एफेड्राचे खटले अंगावर आले तशी जुनी कंपनी २००६ मध्ये ओंटारिओच्या कोर्टात संरक्षण मागायला गेली, ब्रँड मात्र त्याच गोतावळ्यातल्या दुसऱ्या कंपनीकडे सुरूच राहिला. मग मे २००९. लिव्हर खराब झाल्याच्या, काविळीच्या २३ तक्रारी आणि एक मृत्यू, यावरून अमेरिकन सरकारने लोकांना या गोळ्या थांबवायला सांगितलं, माल परत बोलावला गेला. आणि थोड्याच काळात पुन्हा नवीन फॉर्म्युला, नाव जुनंच.

माल बदलून नाव तेच ठेवायचा हाच निर्णय वादाचा आहे. बाजू घेणारे म्हणतात, दोष त्या घटकाचा होता, तो काढला, मग कमावलेलं नाव का टाकायचं? धंद्याच्या हिशोबाने बरोबर असेल. पण २००३ चा डबा, २००८ चा डबा आणि त्यानंतरचा डबा यांत वेगवेगळा माल असताना गिऱ्हाइकाला एकच वस्तू वाटणार, आणि "माझ्या मोठ्या भावाने घेतलंय, त्याला काही झालं नाही" ही खात्री तर पार चुकीच्या डब्यावरची ठरते. निदान मला तरी नाव बदलणंच प्रामाणिक वाटतं.

आपल्याकडे गोष्ट उलटी आहे, नावं भराभर नवीन येतात आणि माल कुठल्यातरी दुसऱ्याच कारखान्यात बनतो. डब्यावर 'मार्केटेड बाय' मोठं, 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' बारीक. २०१६ चे न्यूट्रास्युटिकलचे, म्हणजे अशा सप्लिमेंटसाठीचे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, १४ आकडी लायसन्स नंबर डब्यावर असतो, तरी २०२४ मध्ये भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या तेव्हा सुमारे ७० टक्क्यांवर प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला, काहींत तर लिहिलेल्याच्या निम्मंच. यात प्रोटीन मोजायची रीतही कामी येते, कारण साध्या टेस्टमध्ये नायट्रोजन मोजून प्रोटीन काढतात, आणि ग्लायसीन (एक साधं अमिनो आम्ल) किंवा क्रिएटिनसारखी, स्वतः प्रोटीन नसलेली स्वस्त पावडर मिसळली तरी नायट्रोजन वाढतो, क्रिएटिनमध्ये तर तो प्रोटीनच्या जवळजवळ दुप्पट असतो. आता शेजारच्या आणंदच्या डेअरीचंही व्हे, म्हणजे दुधातलं प्रोटीन, सॅशेत मिळतं, तिथे निदान दूध कुठून येतं ते आपल्याला माहीत आहे. बाकी डब्यांवर ब्रँड वाचून झाला की तो बारीक अक्षरातला कारखाना वाचा, आणि पुढच्या वेळी डबा घेताना तोच आहे की बदललाय तेही बघा.